नावं बदलली, बादली राहिली

बगदादच्या आझमियातली खौला शाळेत भूगोल शिकवायची. लढाई आली, शाळा बंद पडली, तशी ती इंटरनेटवर ब्लॉग लिहायला लागली. वीज असेल तेवढा वेळ. आज कुठला पूल बंद, रॉकेल कुठे मिळालं, गल्लीतलं कोण गेलं. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, हा तिचा नेम. नावं मात्र सगळी बदललेली. नाव कळलं की माणूस नाहीसा व्हायचा, असे ते दिवस.

एकदा तिने शेजारच्या उम्म लुआयचं लिहिलं. स्फोटात खिडक्या गेल्या, म्हातारी स्वयंपाकघरात झोपते. वर सहज लिहून गेली, की निघालेला माणूस सुखरूप परतावा म्हणून लोक त्याच्यामागे वाटीभर पाणी टाकतात, ह्या बाई बादली ओततात. टॅक्सीवालाही भिजतो.

तिसऱ्या दिवशी खाली उत्तर आलं, स्वीडनहून, म्हातारीच्या मुलाचं, लुआयचं. "बादली ओतणारी जगात एकच. फोनवर तर आई सगळं ठीक म्हणते. तिकीट काढलंय. अम्मानहून गाडीने येतो."

खौलाने ते वाचून दाखवलं, तेव्हा म्हातारी उभीच राहिली.

"अगं भवाने, नावं बदललीस आणि बादली ठेवलीस?"

"चुकलं, खाला."

"त्या रस्त्यावर माणसं उचलून नेतात! लिही, खिडक्या शाबूत आहेत."

"खोटं नाही लिहायची मी."

"मग लिही, मी मेले. मेलेल्या आईला भेटायला कोण येतो?"

"फातिहाला, मयताच्या दुव्याला, तीन दिवस बसायला येईल की. वर चुलतभावांना घेऊन."

हे म्हातारीला पटलं. ती खुर्ची ओढून बसली.

"बरं. खरंच लिही मग."

आणि दोन वर्षं फोनवर दाबून ठेवलेलं तिने सांगितलं. भाचा यासिर त्याच रस्त्याने निघाला होता. गाडी सापडली, तो नाही. सदरा कुठल्या रंगाचा होता, तेही सांगितलं. खौलाची बोटं मागे पडत होती, पण थांबा म्हणायचा धीर तिला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "तिकीट परत केलं, आई."

उम्म लुआयने अल्लाचे आभार मानले. मग मोरीशी बसून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

"ऐकलं हो त्याने," ती पाठमोरीच म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा ऐकलं मेल्याने."