एक रिंग म्हणजे बरा आहो

माझ्या हाताला तक्ते करायची सवय आहे. सरकारी कार्यालयात खरेदी विभागात बावीस वर्षं काढली. कूलर घ्यायचा असो की कागद, तीन निविदा मागवायच्या, तुलनात्मक तक्ता आखायचा आणि सर्वांत कमी दराखाली लाल रेघ मारायची. घरच्या मोबाइलच्या बाबतीतही मी तेच केलं.

आमचे तीन नंबर: माझा, मुलीचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, भनपुरीला एकटे राहणाऱ्या माझ्या बाबांचा. मुलीचे परीक्षेचे क्लास मोबाइलवर, त्यामुळे रोजचा डेटा दुपारीच संपायचा आणि वरचा डेटा वेगळे पैसे देऊन घ्यावा लागायचा. त्यात महिना म्हणायचं आणि अठ्ठावीस दिवसांत रिचार्ज संपवायचा, ही तर उघड लबाडी. चिडून मी चार कंपन्यांची पत्रकं गोळा केली, रकाने आखले: डेटा, मुदत, जादा आकार, कव्हरेज. तिघांना मिळून एकच प्लॅन देणारी एक कंपनी सगळ्यांत स्वस्त पडत होती. कव्हरेजचा रकाना भरायला ऑफिसातल्या मैत्रिणीचा त्या कंपनीचा फोन घेऊन भनपुरीला गेले, बाबांच्या ओसरीत बसून चहा प्याले. चार दांड्या दिसल्या. 'ठीक' असं लिहिलं. मागच्या खोलीत गेले नाही.

सदर बाजारातल्या दुकानदारानं कंपनी बदलून देताना विचारलं होतं, "दीदी, बाबूजी के फोन में दो सिम की जगह है. पुरानी कंपनी का भी एक डाल दूँ? भनपुरी तरफ काम आएगा."

मी नको म्हटलं. दुसरं सिम म्हणजे दुसरा रिचार्ज, मग तक्ता केला कशाला?

आठवड्यानं बाबा म्हणाले, "मागच्या खोलीत टावरच नाही येऊन राहिला. पहिले तर पडल्या पडल्या बोलता येत होतं."

"ओसरीत येऊन बोलत जा न बाबा. आता नव्वद दिवस कंपनी बदलता येत नाही."

"हव," म्हणाले. भांडायचा त्यांचा स्वभाव नाही. तो माझा आहे.

आमच्या घरची एक रीत आहे, कॉलला पैसे पडायचे तेव्हापासूनची. बाबा सकाळी चौकात चहा पिऊन घरी परतले की मला एक रिंग देऊन फोन कापतात. एक रिंग म्हणजे बरा आहे. लागोपाठ दोनदा वाजला तर काम आहे, तू लाव. पुढे बोलणं फुकट झालं तरी रीत राहिली. आठच्या सुमारास फोन एकदा वाजला की हातातलं काम न सोडता मी मनात 'झालं' म्हणायचे.

त्या दिवशी रिंग साडेआठला आली. एकच. चहावर गप्पा रंगल्या असतील, असं म्हणून मी डबा भरला.

अकरा वाजता बाबांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. नळाचं पाणी गल्लीपर्यंत वाहत आलं म्हणून त्या आत गेल्या होत्या. बाबा मागच्या खोलीत मोरीजवळ पडलेले, खुब्याचं हाड मोडलेलं, मोबाइल हातातच. काकू त्याच खोलीतून बोलत होत्या आणि आवाज अगदी स्वच्छ येत होता. त्यांचं सिम आमच्या जुन्या कंपनीचं.

दवाखान्यात, ऑपरेशनच्या आधी, बाबांनी माझा हात धरला. "लई वेळा लावला तुले. लागतच नव्हता. एकदा लागला वाटते, अन् कटला. आली होती का रिंग?"

अडीच तास ते ओल्या फरशीवर पडून होते. तेवढ्या वेळात मी ऑफिसात पोचून पंख्यांच्या निविदा तपासल्या होत्या.

"नाही बाबा," मी म्हणाले. "नाही आली."

"मले वाटलंच. टावरच नाही तिथं."

मुलगी शेजारी उभी होती. सकाळी रिंग वाजली तेव्हा तीच म्हणाली होती, "मम्मी, नाना का मिस्ड कॉल आ गया." ती माझ्याकडे बघत राहिली, बोलली काही नाही. अजूनही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

दवाखान्यातून आणायच्या आधीच मी बाबांच्या फोनमध्ये जुन्या कंपनीचं दुसरं सिम घातलं, आणि नव्वद दिवस भरले तसा नंबरही तिकडे परत नेला. बैल गेला आणि झोपा केला. ते आमच्याकडे होते तोवर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "पोट्टीले रिंगच नाही गेली. नाहीतर धावत आली असती." मी तेवढ्यात चहा ठेवायला आत जायचे. साखर दोनदा पडायची.

दोन महिन्यांनी हट्ट करून ते भनपुरीला परत गेले. दिवसभर एक बाई असते. चौकापर्यंत जाणं संपलं, वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येतात आणि आठ वाजता एक रिंग देतात. मी पोळी तव्यावर सोडून लगेच उलटा फोन लावते.

"काहून लावला? एक रिंग म्हणजे बरा आहो. इतके वर्ष झाले, एवढंबी विसरली का?"

"विसरली नाही बाबा," मी म्हणते. "टावरचा भरवसा नाही."