पडवीतले चार दिवस

शिंदखेड्यात ताईबाईला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिशीच्या आत नवरा गेला, तेव्हा दोन लेकरं घेऊन ती धाकट्या भावाकडे, शालिग्रामकडे आली आणि त्याचं घर तिनं नुसत्या जिभेवर चालवलं. फक्त महिन्यातले चार दिवस तिचं राज्य जायचं. मागच्या पडवीत गोधडीवर बसायचं, कशाला हात लावायचा नाही. शालिग्राम लांबूनच चिडवायचा, "काय अक्का, सुट्टी लागनी का?" ती तिथूनच त्याचा उद्धार करायची.

ब्याण्णव साली हाच शालिग्राम, पिठाची गिरणी एकट्यानं ओढणारा गडी, पन्नाशीच्या आतच दोन पायऱ्या चढून धापा टाकू लागला. पाय सुजले, तोंड काळवंडलं. ताईबाईनं निदान ठोकून दिलं: रक्त कमी झालं. मग लोखंडी कढईतली पालेभाजी, गूळ-शेंगदाणे आणि लोहाचं लाल टॉनिक, दोन वेळा, समोर उभं राहून. भाऊ आणखीच खचला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी मुंबईहून तपासणी करून आणवली. "बाई, यांच्या अंगात लोह आधीच फार आहे, ते हृदयात साचलंय. त्यात तुम्ही भर घातलीत." ताईबाई तिथंच रडायला लागली.

"हा दोष घराण्यात असतो. तुमच्यातही असेल."

"मंग माले का काही व्हयनं नही?"

डॉक्टर जरा चाचरले. "दर महिन्याला रक्त जायचं, बाळंतपणातही गेलं. त्याबरोबर लोहही गेलं. पुरुषाला ती सोय नाही. आता यांचं रक्त आपणच थोडं थोडं काढायचं. आणि पाळी थांबून चार वर्षं झाली म्हणता, तर तुमचंही तपासू." तिच्यातही लोह साठू लागलं होतं, हृदय मात्र ठणठणीत होतं.

दर पंधरवड्याला धुळ्याची एसटी. पहिल्यांदा रक्त काढून आल्यावर ताईबाईनं भावाला पडवीत बसवलं. "आते चार दिन बस. कशालेच हात लावू नको."

दुसऱ्याच दिवशी त्याचा जीव कंटाळला. बाहेर गिरणी चालू, घरात सगळ्यांची लगबग, आणि हा एकटा भिंतीकडे बघत. ताट घेऊन ती आली तेव्हा त्यानं मान खाली घातली.

"वीस वरीस कशी बसनी व तू आठे, अक्का?"

ताईबाईनं ताट खाली ठेवलं. तिनं आपली जुनी गोधडी आणली, त्याच्या शेजारी अंथरली आणि बसली.