तिसरी शिट्टी

पहिलेच सांगून ठेवतो, भूत-बीत मी मानत नाही. बत्तीस वर्षं ब्लास्ट फर्नेसवर काढली, विहारात जातो, अन् दाराले लिंबू-मिरची बांधणाऱ्या शेजाऱ्यासंगं भांडतो. शाळा सातवीपर्यंत, म्हणून शुद्धलेखनावर कोणी बोलू नका. तुमच्या या पानावर लोकं पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी लिहितात... वाचून मले हसू येते. माह्यासंगं झालं ते सकाळी साडेअकराले झालं. अन् त्याच्यात साडी नव्हती, कुकर होता. म्हंजे, कुकर नव्हता. तेच तर सांगून राहिलो.

जागा लिहून घ्या. भिलाई, सेक्टर सहा, लीजवर घेतलेलं आमचं जुनं क्वार्टर, मागची खोली. तिच्या बाजूले किचन, किचनच्या मागं अंगण.

आमचा तिघांचा बँड हाय, ‘हॉट मेटल’. प्लांटमदे वितळलेल्या लोखंडाले असंच म्हणतात. मी गिटार धरून गातो, दास दुसरी गिटार वाजवते, पिल्ले ड्रम. तिघंही रिटायर. चाळीस वर्षात सोताचं एक गाणं नाही बनवलं, सारे दुसऱ्याचे. इंग्लिश रॉक. मले इंग्लिश येत नाही. कानाले जसं ऐकू आलं तसं म्हणतो. क्लबमदे नाचणाऱ्यानं कधी तक्रार नाही केली.

प्रॅक्टिस याच खोलीत चाले. माही बायको लीला त्याच टायमाले वरणाचा कुकर चढवे अन् अंगणात कपडे धुवायले बसे. हात साबणात. तिसरी शिट्टी झाली का तिथूनच वरडे, “बंद करा हो!” मंग मी गाणं अर्ध्यात सोडून जायचो, गॅस बंद करून वापस यायचो. तेवढा वेळ दास गिटारवर सोलो मारे. पुढं पुढं आमचं सारं गाणंच त्या हिशेबानं बसलं. लोकं म्हणत, दासदा काय टायमिंगवर सोलो घेते! टायमिंग कायचं... वरण शिजे.

लीला जाऊन आठ महिने झाले.

दवाखान्यात एक दिवस म्हणे, “चाळीस वर्षं लोकाचे गाणे म्हटले. आता एक माहं म्हणा नं.” तिचं म्हंजे, तांदूळ निवडताना, कपडे धुताना ती जे म्हणे ते. मी म्हटलं, हो. ती गेली, अन् मंग मले समजलं का मले त्याची पहिली ओळच येते.

*तांदूळ निवडता निवडता खडा लागला हाती...*

पुढचं नाही येत. चाळीस वर्षं बाई दहा हातावर गाऊन राहिली होती अन् मी ऐकलंच नाही. पोराले विचारलं, साळीले विचारलं, कोणालेच नाही येत. गिटार पलंगाखाली सारली. जेवण डब्याचं लावलं. तिचा कुकर साळीले देऊन टाकला, तिच्या गावाले, अहिवाऱ्याले.

मंग एक दिवस दास घरी आला. “मेश्राम, मरने से पहले एक अल्बम बनाते हैं. अपने सब पुराने गाने.” मी म्हटलं, मले मरू दे, मंग बनव. पण पिल्लेनं ड्रम आणूनच टाकला. साहू नावाचा एक रेकॉर्डिंगवाला कंप्युटर घेऊन आला. म्हणे, अंकल, दीवार से आवाज लौट रही है, कुछ टांगो. घरात लीलानं शिवलेल्या नऊ गोधड्या होत्या. चारही भिंतीले टांगल्या. तिच्या साऱ्या जुन्या लुगड्याच्या मधोमध बसून मी गाणं सुरू केलं.

पहिलं कडवं झालं, अन्... शिट्टी.

साहूनं हेडफोन काढला. “अंकल, कुकर बंद कराओ.”

“कोणता कुकर?”

“जो बज रहा है!”

किचनमदे चहाचं भांडं सोडून काही नाही. डाव्या बाजूचं क्वार्टर बंद, उजवीकडली बाई मंदिरात. कंप्युटरवर मात्र शिट्टीचा डोंगर साफ दिसून राहिला होता. अहिवाऱ्याले फोन लावला. साळी उलटी माह्यावरच चढली, “भाऊजी, वाजन कसा? शिट्टी तर तुमी देलीच नाही! आठ महिन्यापासून डब्बा म्हणून तांदूळ ठेवून राहिली मी त्याच्यात!”

दुसरा दिवस, तोच ताल. प्रत्येक गाण्यात दोन शिट्ट्या, मंग गप्प. अन् दुसरीच पंचाईत, दास सोलोच सुरू करेना!

पिल्ले भडकला, “बजाता क्यों नहीं रे?”

“तीसरी नहीं हुई ना!” दास म्हणे. “आदत है. तीसरी के बिना मेरा हाथ नहीं उठता.”

सतरा वेळा केलं, सतरा वेळा फसलं. साहू हळूच खिशातून लिंबू काढून राहिला होता. मी म्हटलं, ते शरबत करून पी, भिंतीले लावशील तर याद ठेव.

मंग दास म्हणे, “पुरानी कैसेट निकाल. सीटी मिलाते हैं, भाभी की है या नहीं.” पेटीत प्रॅक्टिसच्या कॅसेटी होत्या. पिल्लेनं घरून टेप आणला. शिट्टी वाजली... तीच. शेवटाले जराशी चिरकते. साहूचा चेहरा तांदळावानी पांढरा.

गाणं सरलं, पण टेप बंद करायचं तवा कोणाले सुचलं नसन. तो तसाच चालून राहिला होता. कपडे आपटायचा आवाज आला, अन् त्याच्या मागून लीला. पूर्ण गाणं, मोकळ्या गळ्यानं.

*तांदूळ निवडता निवडता खडा लागला हाती,*
*कोणाच्या शेतातला रे तू, कोण्या गावची माती?*
*खडा म्हणे बाई मले नको टाकू बाहेर,*
*तुह्या दाराशी ठेव मले, हेच माहं माहेर.*

मंग टेपात शिट्टी वाजली, अन् त्याच दमात, “तिसरी झाली, बंद करा हो! कानात लोखंड वतलं का?”

मी बाथरूममदे जाऊन नळ सोडला. पिल्ले बाहेरून म्हणे, “पानी बरबाद मत कर. इधर आके रो ले.”

दुसऱ्या दिवशी तेच गाणं घेतलं. साहूनं विचारलं, “अंकल, ओरिजनल आर्टिस्ट में क्या लिखूँ?” म्हटलं, लिही, लीला मेश्राम, अंगण.

गायले बसलो. पहिल्या दोन ओळी, एक शिट्टी. तिसरी ओळ, दुसरी शिट्टी. ‘हेच माहं माहेर’ म्हटलं अन् थांबलो...

तिसरी वाजली.

दासचा हात आपोआप उठला, सोलो सुरू. अन् माहे पाय आपोआप किचनकडं. गळ्यात गिटार तशीच, वायर ताणली, स्पीकर धडाम. मी ओट्यापाशी. गॅस थंडागार, बटण बंद. तरी हात लावला, अजून घट्ट फिरवलं, अन् अंगणाकडं पाहून वरडलो, “केला वो बंद!”

अंगणात कोणी नव्हतं. वाळत घातलेला माहा एक बनियान होता.

साहू म्हणे, शिट्ट्या कंप्युटरनं काढून टाकतो. म्हटलं, हात लावशील तर बोटं तोडीन. स्पीकर पडल्याचा आवाजबी राहू दे. त्याच्यानंतर सारे गाणे झाले. शिट्टी पुन्हा वाजली नाही. दासले मीच आता मानेनं इशारा करतो.

हे काय होतं, मले ठाऊक नाही. साहूले नाही, पिल्लेले नाही, दासले तर आजपर्यंत कायचंच नाही. तुमाले समजलं तर लिहा. पण भूत म्हणू नका. भूत घाबरवते, ही कामाले लावते.

परवा साळीकडून कुकर वापस मागवला. डब्याचं वरण लय पातळ असते. ती म्हणे, “भाऊजी, अन् शिट्टी?”

म्हटलं, तू कुकर तर पाठव. शिट्टीचं आमी पाहून घेऊ.