परमिट मालकाचं

नॉटिंगहॅमच्या एका नर्सिंग होममध्ये आम्ही दोघी मराठी नर्स होतो. दुसरी इतकी भिडस्त, की खुर्चीला धक्का लागला तरी "सॉरी हं" म्हणायची. तिचं वर्क परमिट मालकाच्या हातात होतं आणि कायमचा व्हिसा अगदी तोंडावर आला होता. तेवढ्यात एक आजोबा पडले. सरकारकडून चौकशीला आलेल्या बाईंना मालक आमच्यासमोर म्हणाला, "स्टाफ पुरेसा होता."

ती शांतपणे म्हणाली, "नाही. आजोबा पडले तेव्हा मजल्यावर मी एकटीच होते."

बाहेर येताच मी विचारलं, "अगं, आता परमिट?"

"परमिट त्यांचं आहे. पेशंट माझा आहे."

तिची नोकरी गेली. पुढे दुसऱ्या होमनं परमिट काढलं, व्हिसाही मिळाला. पण चौकशीच्या त्या दुपारी ती सरळ आजोबांना सूप भरवायला गेली.