हायडेलबर्ग आणि वहिनीचं अर्धवट राहिलेलं भाषण

१. शनिवारी आई आणि मी स्टुटगार्टहून हायडेलबर्गला दादा-वहिनीकडे गेलो.
२. संध्याकाळी वहिनीने तिच्या भाषणाची आमच्यासमोर तालीम केली.
३. मी एक विनोद केला. सगळे हसले.
४. वहिनीने भाषण रद्द करायचं ठरवलं.

जाणार असाल तर रेल्वेचं वीकएंड तिकीट घ्या. पाच जणांना एकच चालतं, पण फक्त साध्या गाड्यांत. आम्ही दोघीच होतो, तरी परवडलं. किल्ल्याची चढण आईच्या गुडघ्यांना जड गेली. वरून नेकर नदी दिसल्यावर मात्र ती कुरकुर विसरली.

वहिनी तिथल्या विद्यापीठात आयरिश भाषेतल्या देशांच्या नावांवर पीएचडी करते. येत्या शनिवारी तिचं पहिलं जाहीर भाषण. जेवणानंतर तिने ते आमच्यासाठी मराठीत सांगायला घेतलं. आयरिशमध्ये बहुतेक देशांच्या नावांआधी ‘अन’ लागतं आणि पुष्कळदा त्याने पुढचं अक्षर मऊ होतं. जर्मनीच्या ‘ग्यारमान’चं ‘अन यारमान’ होतं. इंग्लंड मात्र नुसतं ‘सासना’, सॅक्सन लोकांवरून आलेलं. आणि वेल्स म्हणजे ‘लहान ब्रिटन’.

“आपल्याकडे गावं बुद्रुक आणि खुर्द असतात, तसं का गं?” आईने विचारलं.

“गेनाऊ, आई! अगदी तसंच!” वहिनी खुर्चीतून उठलीच.

तेव्हा मी म्हणाले, “मग या घरात पीएचडीही दोन. दादाची इंजिनांवरची बुद्रुक, वहिनीची खुर्द.”

दादा खो खो हसला. आईही हसली. वहिनीही हसली आणि म्हणाली, “चला, भांडी पडली आहेत.” भाषण तिथेच थांबलं.

रविवारी जुन्या पुलावर दादा हळूच म्हणाला, “ती शनिवारी बोलणार नाही म्हणते. गुरुवारी प्राध्यापकांना कळवणार आहे.”

“मी गंमत केली रे.”

“माहीत आहे. पहिला मीच हसलो ना.”

परतीच्या गाडीत आई म्हणाली, “भारताला काय म्हणतात, ते ऐकायचं राहिलंच.”

किल्ल्याचे फोटो चांगले आलेत. इथे टाकावेसे वाटले नाहीत. माझं काम गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्यांचं. त्याचा उपयोग कुणाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून वहिनीचं काम मी मनात कायम लहानच धरलं होतं. विनोद त्या क्षणी सुचला, मत जुनं होतं. लाज त्याची वाटते.

वहिनी, सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते. मी चुकले. शनिवारी तू बोल. आईला मागच्या बाकावर बसून ऐकायचं आहे. मी यावं की नाही, ते तू ठरव. बुधवारपर्यंत उत्तर दे.