टप शिवणाऱ्या कुमुदिनीबाई

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये कुमुदिनीबाई रणदिवे एकोणीस वर्षं राहिल्या, आणि तेवढ्या काळात त्यांचं शिवणाचं मशीन क्वचितच थंड पडलं. यजमान गुणवंतराव केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. शेजारी तमिळ, बंगाली, पंजाबी. सगळ्यांचे ब्लाउज, पडदे, साड्यांचे फॉल याच घरी यायचे.

सत्त्याण्णव साली त्यांचा भाचा सुधन्वा गुडगावला एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला होता. एका बंगल्याच्या आवारात गंजत पडलेली मॉरिस मायनर त्यानं विकत घेतली होती. विलायती गाडी, चार माणसांची, वरचा कापडी टप मागे दुमडून उघडी करता येणारी. अडीच वर्षं त्यानं सुट्टीचा एकेक दिवस तिच्यापायी घातला. इंजिन करतारसिंग नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं बांधून दिलं, फिका हिरवा रंग चढला, आणि नेमकं तेव्हाच कंपनीनं सुधन्वाला सिंगापूरला पाठवायचं ठरवलं. गाडी विकणं भाग होतं. राहिला होता फक्त टप.

"करोल बागेत सगळीकडे विचारलं, मावशी," रविवारी जेवताना तो म्हणाला. "सीट कव्हर म्हणाल तेवढी शिवतील. टप म्हटलं की हात जोडतात. बिना टपाची गाडी कोण घेणार, यार?"

"जुना टप आहे का?"

"चिंध्या आहेत."

"त्या घेऊन ये. धुऊ नकोस."

गुणवंतरावांनी ताटातून मान वर केली. "अगं, मोटार आहे ती. परकर नव्हे."

"शिवण ती शिवणच," म्हणत बाईंनी त्यांना कोशिंबीर वाढली.

त्या चिंध्या त्यांनी एकेक टाका उसवून सुट्या केल्या, फरशीवर मांडल्या आणि वर्तमानपत्रावर माप उतरवून घेतलं. दोनदा बसनं गुडगावला जाऊन गाडीच्या लोखंडी कमानींवर कागद धरून पाहिला. मग सुधन्वाला घेऊन कापड घ्यायला करोल बागेत गेल्या. दुकानदार थान उलगडून सुधन्वालाच दाखवत होता.

"भैया, इधर दिखाइए," बाई म्हणाल्या. "सिलना मुझे है."

घरच्या मशीनवर त्या जाड कापडानं पहिल्याच दिवशी चार सुया मोडल्या. दुकानामागच्या गल्लीत एक उस्ताद ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"बहनजी, यह मशीन औरतों के बस की नहीं," उस्ताद म्हणाले.

"एक सीधी सिलाई मारती हूँ. टेढ़ी निकली तो चली जाऊँगी."

उस्तादांनी ती शिवण बोटानं चाचपून पाहिली आणि स्टूल पुढे सरकवलं. पुढचे पंधरा दिवस दुपार झाली की बाई तिथे हजर.

टप गाडीवर चढला. दिसायला झकास दिसत होता. सुधन्वानं बागेच्या नळीनं पाणी सोडलं, आणि पाच मिनिटांत मागच्या सीटवर थेंब पडू लागले.

"चालेल गं मावशी. दिल्लीत पाऊस असा पडतो तरी किती?"

"घेणाऱ्याला हे सांगशील?"

सुधन्वानं नळ बंद केला. बाईंनी टप उतरवायला लावला आणि घरी नेला. पंधरा दिवसांची मेहनत स्वतःच्या हातानं उसवताना त्यांना रडू आलं. ते त्यांनी कांदा चिरताना उरकून घेतलं. कापड बरोबर होतं, पाणी शिरत होतं ते सुईच्या भोकांतून. या खेपेस उस्तादांच्या मशीनवर दोन्ही कडा एकमेकींत दुमडून त्यांनी दुहेरी शिवण मारली आणि वरून मेण घासलं. मग सुधन्वानं अर्धा तास पाणी सोडलं. बाई आत मागच्या सीटवर बसून होत्या. उतरल्या तेव्हा साडीवर एक ठिपका नव्हता.

सुधन्वानं इंग्रजी पेपरात द्यायची जाहिरात त्यांना वाचून दाखवली. इंजिन अमक्याचं, रंग तमक्याचा, टप नवा.

"करतारसिंगांचं नाव आहे, रंगवाल्याचं आहे. टप काय आभाळातून पडला?"

"मावशी, लोक म्हणतील घरी शिवलाय."

"घरीच शिवलाय. लिही."

"भाव कमी येईल कदाचित."

"मग मी नळी घेऊन उभी राहीन. नाव लिही, सुधन्वा."

त्यानं लिहिलं. जाहिरात आल्यावर पहिला फोन नोएडाहून एका निवृत्त ब्रिगेडियरांचा आला. त्यांना गाडी नकोच होती. तशीच एक त्यांच्या दारात उभी होती, फाटक्या टपाची. मिसेस रणदिवे कुठे भेटतील, एवढंच त्यांना हवं होतं. गाडी तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी नेली. त्यांनी टप तीनदा उघडून लावून पाहिला आणि घरी शिवल्याचा विषयही काढला नाही.

पुढे गुणवंतराव निवृत्त झाले आणि दोघं दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. तोवर बाईंनी ब्रिगेडियरांचा टप शिवला होता, त्यांच्या ओळखीतून आणखी दोन. आता त्यांनी जाड कापडाचं स्वतःचं मशीन घेतलं. सोसायटीत आवाजाची तक्रार झाली, तेव्हा वाद न घालता सेक्टरच्या मार्केटात एक गाळा भाड्यानं घेतला. गुणवंतराव रोज सकाळी तिथे येऊन कमानींची मापं लिहून घेऊ लागले. कुणी ब्लाउज घेऊन आलंच, तर पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे पाठवण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं.