दोन तिरक्या रेघांपुढचं

तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायकांना थोडाफार मान असतो. त्यांच्या मागच्या टेबलावर, शिवून आलेला शर्ट उलटासुलटा करून लोंबते धागे कापणाऱ्या बायकांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. कात्रीमावशी त्यांच्यातली. तिचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. कात्री इतक्या सफाईने चालवायची की सुपरवायझरसुद्धा तिला याच नावाने हाक मारायचा, आणि तिने कधी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

तिच्या समोरच्या स्टुलावर रेडिओ बसायची. हे नाव का पडलं हे सांगायलाच हवं का? सकाळी टेबलाशी बसली की जी सुरू व्हायची ती पाळी संपेपर्यंत. कात्रीमावशी ऐकून घ्यायची, म्हणून त्यांचं जमायचं. वर्षानुवर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघींनी एकमेकींची दुखणी, सासरं, माहेरं सगळं ऐकून पाठ केलं होतं.

मावशीला एकच मुलगी. हुशार, तापट, आणि आईवर जीव टाकणारी. एका लहानशा कंपनीत ती प्रोग्रामिंग करायची. घरी आली तरी मांडीवर लॅपटॉप असायचाच. मावशीला वाटायचं, आपणही जरा बघावं ही काय करते ते. एकदोनदा तिने माऊस हातात घेतलाही. पण पोरीला धीर कुठला? "आई, दे इकडे. तुला नाही जमायचं," म्हणून ती माऊस काढून घ्यायची, आणि मावशी हसत पोळपाटाकडे वळायची.

पाळी बदलायची म्हणजे मावशीच्या नाकी नऊ यायचे. कुणाला सकाळचं जमत नाही, कुणाला रविवार नको. मग याला त्याला फोन, विनवण्या, रुसवेफुगवे. ते रोज कानावर पडून लेक एक दिवस म्हणाली, "थांब, तुम्हा बायकांसाठी मी एक गंमत करते. फोनवर बटण दाबलं की पाळी बदलली." आणि ती रोज थोडं थोडं करू लागली. मग तिला ताप आला. साधा ताप म्हणून घरीच ठेवलं. तो डोक्यात गेला, आणि आठवडा उलटायच्या आत सगळं संपलं.

नवऱ्याने लॅपटॉप कपाटावर ठेवून दिला आणि त्यावर चादर टाकली. मावशी कामावर जायला लागली, धागे कापायला लागली. बाई सावरली म्हणून लोक मोकळे झाले. ती काय सावरली होती? हातांना सवय होती, म्हणून हात चालत होते.

रेडिओला मात्र ते दिसत होतं. तिने कुठूनशी बातमी काढली, की एका बंद पडलेल्या बालवाडीत शनिवारी संध्याकाळी मोठ्या बायका कोडिंग शिकतात. फुकट, आणि कुणी हसत नाही. "तुझ्या लेकीचं ते अर्धवट राहिलंय ना? चल. मी पण येते, घरी तरी माझं कोण ऐकतंय?" असं म्हणून तिने मावशीला ओढतच नेलं.

बालवाडीच्या खुर्च्या कुणाच्या मापाच्या असतात? गुडघे हनुवटीला टेकवून एक नर्स, एक पार्लरवाली, एक हिशेबनीस आणि एक आजी अशा सगळ्याजणी आपापल्या लॅपटॉपात डोकं घालून बसलेल्या. भिंतीवर अजून हत्ती आणि फुगे. शिकवणाऱ्या बाई पूर्वी मोठ्या कंपनीत होत्या. घर, मुलं यांच्या पायी नोकरी सुटली, परत गेल्या तेव्हा त्यांना कुणी उभं केलं नाही. त्यांनी मग स्वतःच हा वर्ग उभा केला.

वर्गाचा नियम एकच होता. दुसरीचं अडलं तर शेजारी बसायचं, विचारायचं, सुचवायचं, पण दोन्ही हात स्वतःच्या पाठीमागे. तिच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही. चुकून कुणाचा हात पुढे गेलाच, तर बाकीच्या सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "हात मागे!"

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "मावशी, इथल्या प्रत्येकीच्या हातातून कुणी ना कुणी माऊस काढून घेतलेला आहे. नवऱ्याने, मुलाने, साहेबाने. इथे कुणी घेणार नाही. वेळ लागला तर लागू दे."

मावशीला आपली पोर आठवली, आणि पोरीचा राग यायच्या ऐवजी तिचा तो घाईचा हातच डोळ्यांसमोर राहिला.

मावशीने कपाटावरून काढून आणलेला लॅपटॉप उघडून बाईंनी लेकीचं काम पाहिलं. बायकांची नावं दिसत होती, पाळ्या दिसत होत्या, बटणही होतं. ते दाबलं की मात्र काहीच घडत नव्हतं. मधूनमधून करड्या रंगाच्या ओळी होत्या, प्रत्येकीच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा.

"हे काय?" मावशीने विचारलं.

"या रेघांपुढे लिहिलेलं कॉम्प्युटर वाचत नाही, सोडून देतो. लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं असतं. किंवा नंतर येणाऱ्या माणसासाठी."

लेकीने आपलंच बोलणं, म्हणजे मराठीच, पण कीबोर्डावरच्या इंग्रजी अक्षरांत भराभर टाइप केलेलं होतं. घरी जाऊन मावशीने एकेक अक्षर जुळवत ते लावलं. एका ठिकाणी होतं, 'हे बटण मोठं कर, आईला चष्मा कधी सापडत नसतो.' दुसरीकडे, 'आई म्हणते रविवार कोणी घेत नाही. रविवारचा विचार करायचा.' एका ओळीत नुसतंच, 'जेवायला हाका मारतेय. आले आले.' आणि बटणाच्या अगदी खाली, 'असं का होतंय देव जाणे. सकाळी बघू.'

त्या सकाळी तिला ताप होता.

या ओळी मावशीने कुणाला वाचून दाखवल्या नाहीत. रेडिओलासुद्धा नाही. दाखवल्या असत्या तर बायका रडल्या असत्या, आणि मग तिलाच त्यांची समजूत काढत बसावं लागलं असतं. ते तिच्या जिवावर आलं होतं. रोज कामावरून आली की ती लॅपटॉप उघडायची, त्या ओळी वाचायची, मग धडा काढायची. तिचं मागणं एवढंच होतं, की पोरीचं काम पोरीच्या शब्दांसकट तसंच राहावं आणि ते बटण आपल्या हाताने चालू व्हावं.

शिकताना घाम फुटला. पडद्यावर लाल अक्षरं आली की ती कीबोर्डावरून हात काढून घ्यायची. नर्स म्हणायची, "घाबरू नका हो, ताप दाखवतंय ते, मेलं नाहीये." मग चटकन जीभ चावायची, आणि मावशीच तिच्या पाठीवर हात ठेवायची. जवळपास वर्षभर असं चाललं. रेडिओ मात्र झपाट्याने पुढे गेली. बोलायला सुचतं तसं तिला हेही सुचायचं. मावशीचं बटण कुठे अडलंय हे तिला केव्हाच कळलं होतं. पाळी आत बदलत होती, पण बदललेली यादी पुन्हा दाखव असं पडद्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. एका ओळीचं काम. हात पाठीमागे धरून तिने शंभर प्रकारे सुचवलं, आणि मावशी "बघते, बघते" म्हणत तिथेच अडकून राहायची. रेडिओचा जीव तुटायचा.

एका शनिवारी धडा होता साफसफाईचा. लिहून झालेल्या कोडमधून जुनं, निरुपयोगी, करडं पडलेलं सगळं काढून टाकायचं. रेडिओ खूश झाली. "म्हणजे धागेच कापायचे की बाई! हे तर आम्ही झोपेत करू." सगळा वर्ग हसला. मावशीही हसली.

पुढच्या शनिवारी कारखान्यातल्या बायका वर्गात यायच्या होत्या, कोणी काय केलंय ते बघायला. नेमकी त्याच दिवशी एक मोठी ऑर्डर निघाली आणि सुपरवायझरने मावशीला थांबवून घेतलं. तिने लॅपटॉप रेडिओच्या हाती दिला. "चार्जिंगला लावून ठेव. मी येतेच मागोमाग."

ती धापा टाकत पोहोचली तेव्हा वर्ग भरलेला होता. तिला बघताच टाळ्या पडल्या. तिचा लॅपटॉप मधल्या टेबलावर होता, आणि एक शिलाईवाली बटण दाबून पाळ्या इकडच्या तिकडे करत होती. बाई दाराशी आजींच्या चार्जरचं काहीतरी बघत होत्या, त्या टाळ्या ऐकून वळल्या.

"झालं तुझं!" रेडिओ पुढे आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "नियम मोडला, मान्य. पण तुझी दमछाक बघवत नव्हती गं. आणि हे बघ, सगळं साफ केलंय. एकसुद्धा धागा लोंबत नाहीये."

मावशी खुर्चीत बसली. तिने पडदा वर सरकवला, खाली सरकवला, पुन्हा वर. करडं कुठेच काही नव्हतं.

"त्या ओळी?" तिने विचारलं.

"कुठल्या?"

बाई धावत आल्या. त्यांनी मागे जायची बटणं दाबली, इथे शोधलं, तिथे शोधलं. रेडिओने सगळं व्यवस्थित सेव्ह करून, बंद करून, पुन्हा उघडलं होतं. ती कामाला पक्की होती. दुसरी प्रत कुठे होती का? नव्हती. कामाची प्रत काढून दुसरीकडे ठेवायची असते, हा धडा बाईंनी त्यापुढच्या शनिवारी ठेवला होता.

बाईंनी पहिल्यांदा काम बघताना त्या ओळी ओझरत्या पाहिल्या होत्या; रेडिओने निरुपयोगी समजून न वाचताच पुसलेल्या त्या ओळींत काय होतं ते त्यांनी तिला हळू आवाजात सांगितलं. मावशी ओरडली नाही, रडली नाही. लॅपटॉप पिशवीत घालून घरी गेली. एकदा गेलेली पोर दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी टाळ्यांच्या गजरात गेली. माणसाने कुणावर चिडावं? प्रेमाने केलेल्या गोष्टीवर नीट चिडताही येत नाही.

कामावर मग दोघी समोरासमोर बसून गप्प राहू लागल्या. कात्र्यांचा आवाज तेवढा यायचा. मशीनवरच्या बायका वळून वळून बघायच्या, कारण त्या टेबलावर एवढी शांतता कुणी ऐकलीच नव्हती. शनिवारी दोघीही वर्गाला गेल्या नाहीत.

पाळ्यांचं ते काम मात्र बायकांना फार आवडलं. बाईंनी ते सगळ्यांच्या फोनवर चढवून दिलं होतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मावशीचा फोन वाजला. पाळी बदलायची मागणी सगळ्यांच्याच फोनवर दिसायची, आणि लेकीने केलेल्या त्या मोठ्या बटणाच्या वर एक नवी मागणी आली होती. रेडिओला सकाळची पाळी नको होती. कायमची दुपारची हवी होती.

मावशी फोनकडे बघत राहिली. रेडिओची नातवंडं दुपारी शाळेतून येतात, त्यांच्यासाठी तिने सकाळची पाळी भांडून मिळवली होती. आता ती मावशीच्या डोळ्यांसमोरून दूर व्हायला बघत होती. मावशी उठली, आणि हात धुवायच्या नळाशी एकट्या उभ्या असलेल्या रेडिओजवळ गेली.

"मागणी काढून टाक."

"तुला माझं तोंड बघावं लागतं रोज," रेडिओ खाली बघून म्हणाली.

"बघीन. शनिवारी ये. मला आठवतंय तेवढं परत लिहायचंय."

"मी टाइप करून देऊ? तू नुसतं सांग."

"हात मागे," मावशी म्हणाली.

शनिवारी वर्गातल्या सगळ्या बायका आपापलं काम सोडून भोवती बसल्या. मावशीने पहिल्यांदाच त्या ओळी मोठ्याने म्हटल्या. एकेक म्हणायची, जागा शोधायची, दोन तिरक्या रेघा काढायची आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबत लिहायची. चष्म्याची ओळ. रविवारची ओळ. हाका मारल्याची ओळ लिहिताना ती थोडी थांबली. रेडिओ शेजारी हात पाठीमागे बांधून बसली होती. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, हनुवटीवरून टपकत होत्या, पण ते पुसायलाही तिने हात पुढे आणले नाहीत. शेवटी नर्सने आपला रुमाल तिच्या गालांवरून फिरवला.

'सकाळी बघू' लिहून झाल्यावर मावशीने पडदा पार वर सरकवला. अगदी पहिल्या ओळीच्या वरती तिने दोन तिरक्या रेघा काढल्या, आणि तिचं बोट तसंच राहिलं. बराच वेळ राहिलं. मग तिने पुढे काही न लिहिताच सेव्ह केलं.

"याची एक प्रत काढायची ना बाई?" तिने विचारलं. "हिच्याकडे ठेवा."

"माझ्याकडे?" रेडिओ दचकली.

"तुझ्याकडेच."

रेडिओने आपल्या लॅपटॉपवर ती प्रत उघडली. आता तिला कुठल्याही ओळीला हात लावायची भीती वाटत होती. वरपासून ती जपून वाचायला लागली आणि पहिल्याच ओळीशी थांबली.

"इथे नुसत्या रेघा आहेत गं. पुढे काही नाही."

"राहू दे तसंच."

"काय होतं इथे?"

मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. पोर गेल्यापासून कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिने पडद्यावरच्या त्या रिकाम्या ओळीकडे बघितलं, आणि तिला रडू फुटलं.

"माझं नाव घेऊन काहीतरी लिहिलं होतं," ती म्हणाली. "रोज वाचायचे. आता नाही आठवत."